पूर्ण खर्र्याचा फोटो

मार्कंड्याला वैनगंगेच्या पात्रात मी शकूरभाईंचा जीव वाचवला. ते मरत नव्हते.

चूक माझी होती हे मान्य, पण माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी हेच झालं असतं, असं मी अजूनही म्हणतो. आमची ही आणि तिची बहीण देवळात गेल्या होत्या आणि मी घाटावर तिघांच्या चपला राखत बसलो होतो. सूर्य बुडायला टेकला होता. समोर पात्रात एक माणूस कमरेइतक्या पाण्यात होता. डोक्यावरून काळं कापड. हलत नाही, डुलत नाही. मी "ओ भाऊ!" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. आणखी जोरात मारली. तरी नाही. माझी खात्री पटली की याचे पाय गाळात रुतलेत आणि भीतीनं वाचा बसलीय. मी चपला सोडल्या, पँटसकट पाण्यात घुसलो, मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि जीव खाऊन ओढलं.

पाणी गुडघाभरच होतं. ते स्टुलावर बसले होते.

तो माणूस, त्याचं लोखंडी स्टूल, तीन पायांचा स्टँड, स्टँडला वजन म्हणून बांधलेली तांब्याच्या तारेची वेटोळी आणि मी, असे सगळे एकत्र पाण्यात बसलो. कॅमेरा मात्र त्यांनी एका हातानं वर धरला होता. कापड बाजूला झालं. तोंड खर्र्यानं भरलेलं. माझ्याकडे त्यांनी शांतपणे पाहिलं, बाजूला पिंक टाकली आणि म्हणाले,

"मास्तर, तुमी हलले ना बाप्पा."

हा माणूस मला ओळखत होता. मी त्याला ओळखलं नाही. वास्तविक चंद्रपुरात परकोटाच्या भिंतीला लागून त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, मी रोज त्यावरून शाळेत जातो, आणि त्या क्षणी माझ्या कूलरची मोटर त्यांच्याकडेच पडलेली होती. पण शकूरभाई दुकानात कायम रस्त्याकडे पाठ करून तार गुंडाळत बसतात. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो वैनगंगेत.

शकूरभाईंना नाद होता फुटक्या जहाजांचे फोटो काढण्याचा. आमच्या जिल्ह्यात जहाज नाही. शेजारच्या जिल्ह्यात नाही. समुद्र कुठल्याही बाजूला गेलं तरी दोन मुक्काम लांब. पण त्यांनी मोबाइलवर कुठले तरी फोटो पाहिले होते. किनाऱ्यावर आडवं पडलेलं, गंजलेलं जहाज, मागे मावळता सूर्य आणि भोवती पाणी असं गुळगुळीत, जणू कोणी साय पसरलीय. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवला की पाणी तसं येतं. लाटा येतात-जातात, त्यामुळे त्या दिसत नाहीत. जे जागचं हलत नाही तेवढंच उरतं.

"मंग जहाजच पाह्यजे असं कुठी लिवलं हाय?" शकूरभाई म्हणाले. "फुटकं पाह्यजे आन् पाण्यात पाह्यजे. बस."

मार्कंड्याच्या घाटापासून थोडं खाली एक मोठा लाकडी डोंगा काठालगतच्या उथळ पाण्यात, वाळूत कलंडून पडला होता. पूल व्हायच्या आधी त्यातून माणसं, सायकली, बकऱ्या पलीकडे जायच्या. पूल झाला, डोंगा बसला. शकूरभाई त्याला जहाज म्हणत. डोंगा म्हटलेलं त्यांना खपत नसे.

या कामात कॅमेऱ्यासमोर गडद काच लावावी लागते, नाही तर फोटो पांढराफटक येतो. तशी काच महाग, म्हणून शकूरभाईंनी वेल्डिंगवाल्याची काच आणली आणि सायकलच्या ट्यूबचं रबर कापून कॅमेऱ्याला आवळली. त्यामुळे त्यांचे सगळे फोटो हिरवे येत. नदी हिरवी, डोंगा हिरवा, सूर्य कच्च्या कैरीसारखा. मी एकदा हे निदर्शनाला आणून दिलं.

"समुद्र हिरवाच असते," ते म्हणाले.

"तुम्ही पाहिलाय?"

"तुमी पाह्यला ना? मंग सांगा, हिरवा असते का नाई?"

मी पाहिला होता. थोडा हिरवा असतो.

आता खर्र्याचं सांगतो. बाहेरच्या वाचकांसाठी, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घासून घासून केलेला आमच्या भागाचा प्राणवायू. शकूरभाई फोटोची वेळ खर्र्यानं मोजत. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की खर्रा तोंडात. तो दाढेखाली पार विरला की बटण सोडायचं. ढगाळ असलं तर पूर्ण खर्र्याचा फोटो, ऊन असलं तर अर्ध्या खर्र्याचा. मी म्हटलं, मनगटावर घड्याळ आहे की तुमच्या.

"घड्याळ पाहाले मान हलवा लागते."

या काळात ते बोलत नसत, थुंकत नसत, मच्छर मारत नसत. दुसऱ्यानं मारलेलाही चालत नसे. वाळूत पाय हलला की स्टँड हलतो, असं त्यांचं म्हणणं. "सब्र, मास्तर, सब्र. हललं का गेलं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की एकदा वर्गात फळ्याकडे तोंड करून मीच म्हणालो. पोरं अजून त्यावरून मला चिडवतात.

हो, मी त्यांच्याबरोबर जायला लागलो होतो. त्यांची लुना मूल गावाजवळच्या जंगलातल्या रस्त्यावर दर खेपेला बंद पडायची आणि तिकडे वाघ रस्ता ओलांडतो. माझ्याकडे जुनी व्हॅन होती आणि रविवार होता. शिवाय मोटर परत मिळेल अशी आशा होती. उन्हाळा आला, गेला. मी ओला टॉवेल पांघरून झोपलो. हिनं तो उन्हाळा लक्षात ठेवलाय.

एका महाशिवरात्रीला यात्रा कमिटीच्या एका पदाधिकाऱ्यानं त्यांना यात्रेचा फोटो काढायला सांगितलं. गर्दी दिसली पाहिजे, बॅनरवर टाकायचा आहे, अशी सूचना होती. शकूरभाईंनी पूर्ण खर्रा लावला. फोटो आला तो मी स्वतः पाहिला आहे. हिरवं आकाश, हिरवं देऊळ, खाली स्वच्छ रिकामा घाट. सबंध यात्रेत एक चिटपाखरू नाही. फक्त कडेला एक रेडा रवंथ करत बसलेला, आणि तो मात्र असा स्वच्छ की त्याच्या कानातली गोचीड मोजावी. पदाधिकारी दुकानात आले ते लालेलाल होऊन.

"माणसं कुठी गेली?"

"होती ना," शकूरभाई तार गुंडाळत म्हणाले. "हलत होती."

"अन् मी? मी मधात उभा होतो!"

शकूरभाईंनी फोटो उजेडाला धरला, बराच शोधला, आणि एका धुरकट डागावर बोट ठेवलं. "हे तुमी. फोनवर बोलून राह्यले होते वाटते."

असा माणूस. मी त्यांच्यावर स्टाफरूममध्ये बरेच किस्से सांगितले आणि ते चालले. लोकांना त्यात आणखी एक गोष्ट आवडायची. शकूरभाई घर टाळतात, अशी गल्लीत बोलवा होती. बायको कजाग असणार, नाही तर माणूस कशाला दर रविवारी पासष्ट-सत्तर किलोमीटर जाऊन ओंडक्यासमोर बसेल? मीही हे रंगवून सांगायचो. दुकानाच्या मागेच त्यांचं घर, मधे एक फुलाफुलांचा पडदा. त्या पडद्याआडून जुबेदाभाभी कधी बाहेर आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. आवाज मात्र यायचा आणि तो खणखणीत असायचा. "मास्तरले इचारा, साखर पाह्यजे का!" चहा शकूरभाईच आणायचे. ग्लास कायम अर्धा. मी मनात म्हणायचो, घरातला कंजूषपणा पाहा.

एका दिवाळीच्या सुट्टीत माझ्या अंगात औदार्य आलं. मी म्हटलं, "शकूरभाई, चला कोकणात. मी व्हॅन काढतो. खरा समुद्र, खरं जहाज."

त्यांचे हात थांबले. ते थांबलेले मी दुकानात पहिल्यांदाच पाहिले.

"किती दिवस?"

"आठवडा तरी लागेल."

ते परत तार गुंडाळायला लागले. "नाई जमत. समुद्राले भरती असते म्हंते. इकडून तिकडून हलूनच राह्यते. आपली वैनगंगा बरी."

पडद्याआडून आवाज आला, "जा ना! मी काय पळून चालली?"

"तू चूप राय," शकूरभाई म्हणाले. पण असं काही मऊ म्हणाले की मी चहा पटकन संपवून उठलो. स्टाफरूममध्ये मी हा प्रसंग, बायकोनं परवानगी नाकारली, असा सांगितला. मराठीचा शिक्षक आहे मी.

मग तो माघ आला. आम्ही घाटावर पोचलो तर डोंग्यावर वाघूजी ढिवर बसलेला, हातात कुऱ्हाड. डोंगा त्याच्या बापाचा आणि आता त्याचा. वाघूजीनं आम्हाला कधी विरोध केला नव्हता. त्याच्या मते आम्ही दोघं सरकारी मोजणीवाले होतो आणि आमचं काम संपत नव्हतं.

"झालं का जी मोजून?" त्यानं विचारलं. "या हप्त्यात फोडतो म्हंतो. लेकीच्या घराले दार बसवाचं हाय. सागवान हाय जी आतलं, अजून चांगलं हाय."

शकूरभाईंचा चेहरा उतरला. स्टँड त्यांनी वाळूत टेकवला आणि तो पडू दिला. इतकी वर्षं ज्या स्टँडजवळ मला खोकू दिलं नव्हतं, तो स्टँड.

"एक रविवार," ते म्हणाले. "वाघूभाऊ, फक्त एक रविवार दे. मंग फोड."

"काऊन जी? येवढे फोटो काढले ना तुमी. त्याच्यात आता का ऱ्हायलं पाहाचं?"

"तो फोटो अजून काढलाच नाई."

वाघूजीनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "घ्या एक रयवार. पन सोमवारी मी आयकनार नाई."

 परतताना मूल मागे पडल्यावर शकूरभाई म्हणाले, "मास्तर, पुढच्या रविवारी गाडीत मागची सीट साफ करून आणा."

पुढच्या रविवारी दुकानाचा पडदा उघडला आणि जुबेदाभाभी बाहेर आल्या. उंच बाई, चष्मा, अंगावर जाड शाल, आणि दोन्ही हात शालीच्या आत. मी दार उघडून दिलं. बसताना तोल सावरायला त्यांनी एक हात बाहेर काढला आणि सीटची कड पकडली. हात थरथरत होता. थंडीनं थरथरतो तसा नव्हे. स्वतंत्र काही काम चालल्यासारखा, न थांबता.

मला अर्धा ग्लास कळला. चहा भाभीच ओतायच्या; ग्लास भरायला गेल्या तर सांडतो.

"पाहून घ्या मास्तर," भाभी म्हणाल्या. "तिकीट नाई लागत."

रस्ताभर भाभीच बोलत होत्या. माझ्या मोटरबद्दल म्हणाल्या, "तुमची मोटर बारीक तारेची. ते काम ह्यांले येतच नाई. बारीक वायंडिंग सारं मीच करत होती. आता हे हात असे. म्हणून पडली हाय तुमची मोटर. ते तुमाले सांगाले लाजते." शकूरभाई खिडकीबाहेर सागाची झाडं पाहत बसले होते.

मी व्हॅन चालवत होतो म्हणून बरं. नाही तर माझ्या चेहऱ्याचं काय करायचं हे मला कळलं नसतं.

घाटावर भाभींना वाघूजीनं आणि मी आधार देऊन डोंग्यात बसवलं. कलंडलेल्या फळीला पाठ टेकली, डोकं मागे नीट टेकलं. हात शालीत. शकूरभाई स्टँडच्या स्क्रूशी झटत होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"शकूरभाई, मला आधी का नाही सांगितलं?"

"काय सांगू? भाच्याच्या लग्नात तिनं व्हिडिओ पाह्यला आपला. हात पाह्यले. पोट्टे हासत होते. तवापासून फोटो काढू देत नाई. माझ्या बाजूले बसत नाई. हात लपवून बसते, दूर." काच त्यांनी बाहीनं पुसली. "पाणी पाहा तुमी. सारं हलून राह्यलं का नाई? फोटोत हलते का?"

"नाही. दुधासारखं येतं."

"अर्ध्या खर्र्यात हलणं दिसते. पूर्ण खर्र्यात जाते. निस्ता उजेड ऱ्हायते. इतके रविवार मी तेच पाहत होतो. किती वेळ थांबलं तं थरथर जाते, ते." त्यांनी रबर आवळलं. "जहाजाचं मले काय करा लागते, मास्तर? जहाज हलत नाई म्हणून. तिले टेकाले काही तरी न हलणारं पाह्यजे होतं."

माझ्या डोळ्यांसमोर स्टाफरूम आली. मी ती लगेच घालवली.

सूर्य टेकला. आणि शकूरभाईंनी मला खर्र्याची पुडी दिली.

"मी जाऊन तिच्या बाजूले बसतो. बटण तुमी दाबा, लॉक करा, आन् हा तोंडात टाका. विरला का आवाज द्या. तवावर आमी हलत नाई."

"मी खात नाही खर्रा."

"आज खा."

"घड्याळावर मोजतो ना."

"मले घड्याळाचा हिसाब नाई माहीत, मास्तर! मले खर्र्याचा माहीत हाय!" पहिल्यांदाच ते माझ्यावर ओरडले.

ते डोंग्यात जाऊन भाभींच्या शेजारी बसले. शालीत हात घातला. भाभींनी तो झटकला. त्यांनी परत घातला, आणि भाभींचे दोन्ही हात बाहेर काढून आपल्या मांडीवर घेतले, वर आपला हात ठेवला. "हलू नको," म्हणाले.

"मी कुठी हलते? ते हलते," भाभी म्हणाल्या.

मी बटण दाबलं आणि खर्रा तोंडात टाकला.

आता माझ्याकडून जे झालं ते सांगतो. थोड्या वेळानं कान गरम झाले. मग नदी डावीकडे कलली आणि देऊळ उजवीकडे. उचकी लागली. स्टँड हलेल म्हणून मी उचकी दाबली, त्याबरोबर थोडा खर्रा पोटात गेला. चूळ भरल्याशिवाय आपण वाचत नाही असं वाटून मी अलगद, अगदी अलगद, वाळू न हलवता पाण्याच्या दिशेनं निघालो. पाण्यापर्यंत पोचल्याचं मला आठवत नाही. वाळू गार होती, एवढं आठवतं. गालाला फार बरं वाटलं.

जाग आली ती वाघूजीच्या ओरडण्यानं. "अजी, तुमचा मास्तर मेला का पाहा जी!" आकाशात उजेड नावाला उरला होता. शकूरभाई धावत येत होते आणि ते माझ्याकडे न येता कॅमेऱ्याकडे गेले. लॉक सोडल्याचा आवाज मी ऐकला. पूर्ण खर्र्याच्या कितीतरी पुढे गेला होता तो फोटो. सूर्य संपला होता, दुसरा काढायला उजेड नव्हता, आणि सकाळी वाघूजी आयकणार नव्हता.

"आवाज का दिला नाई?" शकूरभाईंनी विचारलं. गालाची वाळू झटकत मी उलट विचारलं,

"तुम्ही का बसून राहिलात?"

ते डोंग्याकडे पाहत राहिले. भाभी अजून तशाच टेकून बसल्या होत्या, हात उघडे, शाल खाली घसरलेली. "तुमी आवाजच नाई दिला तं कशाले उठावं?" ते म्हणाले. "बरं वाटत होतं."

सोमवारी डोंगा फुटला. फोटो खराब झाला असणार हे धरून मी त्या रस्त्यानं जायचं टाळलं, परकोटाला वळसा घालून शाळेत गेलो. पाचव्या-सहाव्या दिवशी शकूरभाईंनी मला वाटेतच गाठलं आणि दंडाला धरून पडद्याच्या आत नेलं. आतली खोली मी प्रथमच पाहिली. भिंतीवर भलीमोठी फ्रेम. तिच्याकडे तोंड करून खुर्चीत भाभी.

फोटो हिरवाच होता. नदी नव्हतीच, नुसती साय. त्यात डोंग्याची एकेक फळी, एकेक खिळा. आणि फळीला टेकून दोघं. चेहरे जरा विरलेले, जुन्या काचेतून पाहावं तसे, पण दोघं ओळखू येत होती. मांडीवर, हात असायला हवे तिथे, एक उजेडाचा पुंजका होता. त्यात त्यांचा हात कोणता आणि भाभींचा कोणता, ते सांगता येत नव्हतं.

 भाभींचे हात मांडीवर उघडे होते, थरथरत होते, आणि त्यांनी ते झाकले नाहीत. शकूरभाई उगाचच फ्रेम सरळ करत होते. ती सरळच होती.

मग भाभी पुढे झुकल्या. चष्मा वर केला.

"सारं चांगलं आलं. पण हे खाली समोर पोतं कोणं ठेवलं?"

मी पाहिलं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, पाण्याच्या कडेला, शर्टाच्या बटणांसकट, अत्यंत स्वच्छ.

"पोतं नोहे ते," शकूरभाई म्हणाले. "मास्तर होय."

भाभींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मंग कापून टाका. पोतं असतं तं चाललं असतं."